राउटरचं तापमान आणि एसएनएमपी: नऊ महिने वापरल्यानंतर (आणि एका इंडेक्सवरचा राग)

चार महिने मी सीपीयूचं तापमान समजून राउटरच्या पाठीमागून बाहेर पडणाऱ्या हवेचं तापमान बघत होतो. ग्राफ देखणा होता. रेघ ४७ ते ५३ अंशांच्या मध्ये निवांत पसरलेली, ७० वर लावलेला अलार्म एकदाही वाजलेला नाही. मग एका दुपारी राउटर स्वतःहून बंद पडला. परत चालू केला, कन्सोलला केबल लावून बघितलं तर सीपीयू ७८. शेजारच्या स्क्रीनवर माझा ग्राफ सांगत होता ५३. एका यंत्राचे दोन आकडे, आणि मध्ये पंचवीस अंशांची दरी. या दरीचा उलगडा करण्यात अर्धा दिवस गेला, आणि त्या अर्ध्या दिवसाचा राग अजून उतरलेला नाही. तेव्हा पुढचं त्या हिशोबाने वाचा.

एसएनएमपी म्हणजे नेटवर्कवरून यंत्राला त्याचे आकडे विचारायची पद्धत, ओआयडी म्हणजे त्यातल्या एकेका आकड्याचा पत्ता, एमआयबी म्हणजे त्या पत्त्यांची यादी, आणि वॉक म्हणजे ती यादी ओळीने वाचून काढणं. याच्या पुढचं सांगत बसत नाही. वाचणाऱ्यांनी एकदा तरी एसएनएमपी वॉक मारलेला असेल असं धरून चालतो.

सुरुवात साधी होती. राउटर बंद कपाटात, कपाटाच्या दाराला हात लावला तर गरम. वेगळा तापमापक घेण्याची माझी तयारी नव्हती, पैसे मोजून घ्यायचं मॉनिटरिंग तर दूरच. राउटरच्या पोटात सेन्सर आहेतच, ते वाचायला फुकटात मिळतात, मग वर खर्च कशाला? बिजागरी मोडलेला एक जुना लॅपटॉप पडून होता. त्यावर लिनक्स, आकडे मागायला नेट-एसएनएमपी आणि त्यांचे ग्राफ काढायला कॅक्टाय टाकलं. एका संध्याकाळीच काम झालं. या बाबतीत एसएनएमपीला पैकीच्या पैकी गुण. १९९० सालच्या आरएफसी ११५७ मध्ये (आरएफसी म्हणजे इंटरनेटच्या नियमांचे दस्तऐवज) नोंदलेली जुनी गोष्ट आहे, आणि अजूनही यूडीपीच्या (पोचपावती न घेता पॅकेट पाठवायची पद्धत) १६१ नंबरच्या पोर्टवर दोन पॅकेटमध्ये उत्तर देऊन मोकळी होते.

पहिल्या रात्री सीपीयू ६१४ अंशांवर होता. हसू नका, सगळ्यांचं होतं. माझा राउटर एंटिटी-सेन्सर-एमआयबी बोलतो (आरएफसी ३४३३, डिसेंबर २००२). त्यात नुसती किंमत वाचून भागत नाही. किंमत चौथ्या कॉलममध्ये, पण तिच्या आधीचे तीन कॉलम सांगतात की प्रकार काय, स्केल काय आणि प्रिसिजन किती. प्रकार ८ म्हणजे सेल्सिअस, १० म्हणजे पंख्याचे फेरे. स्केल ९ म्हणजे सरळ एकक. प्रिसिजन १ म्हणजे शेवटच्या आकड्याआधी दशांश चिन्ह तुम्ही द्यायचं. ६१४ म्हणजे ६१.४. प्रत्येक कंपनीची तऱ्हा निराळी. सिस्कोच्या जुन्या एन्व्हमॉन एमआयबीत पूर्ण अंश मिळतात, मायक्रोटिकच्या हेल्थ ओआयडीत दशांश, आणि लिनक्सच्या एलएम-सेन्सर्स एमआयबीत तर अंशाचे हजार तुकडे करून देतात. एकदा भागाकार बसवला की विसरून जायचा विषय आहे, म्हणून यावर मी चिडत नाही.

पाचवा कॉलम मात्र वाचा. त्यात सेन्सरची स्थिती असते: १ म्हणजे ठीक, २ म्हणजे रीडिंग सध्या मिळत नाही, ३ म्हणजे सेन्सर बिघडलेला. मी तो वाचत नव्हतो. त्यामुळे दर रीस्टार्टनंतर माझा राउटर पाच मिनिटं शून्य अंशांवर गोठायचा.

आता मूळ दुखण्याकडे येतो.

या टेबलात प्रत्येक सेन्सरला एक इंडेक्स असतो. माझ्याकडे १००६ वर बाहेर पडणारी हवा, १००७ वर सीपीयू, १००८ वर आत येणारी हवा. कंजूषपणा अंगात मुरलेला, म्हणून सगळे सेन्सर कशाला गोळा करायचे असं म्हणून मी फक्त दोनच गोष्टी पोल करत होतो, म्हणजे ठरावीक वेळाने विचारत होतो: १००७ चं तापमान आणि १००२ वरचे पंख्याचे फेरे. जुन्या लॅपटॉपची डिस्क वाचवत होतो! एका सेन्सरची आरआरडी फाइल (कॅक्टाय ग्राफचे आकडे जिच्यात साठवतं ती) किती मोठी असते हे मी तेव्हा बघितलंसुद्धा नव्हतं. बघितलं असतं तर लाज वाटली असती.

तिसऱ्या महिन्यात फर्मवेअर अपडेट केलं. नव्या फर्मवेअरला पॉवर सप्लायमधला एक सेन्सर दिसू लागला, आणि तो पठ्ठ्या जाऊन बसला १००६ वर. मागचे सगळे एकेक घर पुढे सरकले. १००७ वर आता बाहेर पडणारी हवा, सीपीयू १००८ वर. माझा ग्राफ मात्र १००७ लाच धरून बसला होता, आणि त्यावर नाव होतं ‘सीपीयू’.

ग्राफवर काय दिसलं? तापमान ६१ वरून एका फटक्यात ४७ वर. आणि मी काय केलं? खूश झालो. नव्या फर्मवेअरने सीपीयू चौदा अंशांनी थंड केला असं चारचौघांना सांगितलं, एकाला त्याचा राउटरही अपडेट करायला लावला. त्याचा चौदा अंशांनी थंड झाला नाही, तेव्हा त्याच्याच कपाटात काहीतरी गडबड असणार असंही मी त्याला सुनावलं. त्या माणसाची मी नंतर माफी मागितली आहे.

यात राउटरची चूक आहे का? नियमाने बघितलं तर नाही. हा इंडेक्स व्याख्येतच मनमानी आकडा आहे. तो फक्त त्या घडीला वेगळा असला की झालं, उद्या तोच राहील असं वचन त्यात नाही. हे मला मान्य आहे. पण मग हा इंडेक्स जिथे ठरतो त्या एंटिटी एमआयबीत कायम टिकणारं टोपणनाव ठेवण्याची सोय आहे, एंट-फिजिकल-एलियास नावाची, ती तरी लिहू द्यावी ना! माझ्या राउटरने ‘लिहिता येत नाही’ असा एरर देऊन वाटेला लावलं. २०१३ च्या आरएफसी ६९३३ मध्ये प्रत्येक भागासाठी यूयूआयडी, म्हणजे न बदलणारा ओळख क्रमांकही आला. माझ्याकडे तो कॉलम रिकामा. कंपनीच्या सपोर्टला लिहिलं, तर उत्तर आलं की अपडेटनंतर मॉनिटरिंग सिस्टीममध्ये डिव्हाइस पुन्हा जोडून घ्या. म्हणजे घराचे नंबर आम्ही बदलणार, आणि पोस्टमनने पत्ते नव्याने पाठ करायचे.

उपाय आहे, आणि तो मला पहिल्या दिवशी सुचायला हवा होता. इंडेक्स धरायचा नाही, नाव धरायचं. एंटिटी एमआयबीत एंट-फिजिकल-नेम हा कॉलम आहे. आधी नावांचं टेबल वाचा, ‘सीपीयू’ हे नाव कुठल्या इंडेक्सवर आहे ते शोधा, मग त्या इंडेक्सची किंमत मागा. कॅक्टायमध्ये डेटा क्वेरी नावाच्या सोयीला हे जमतं, फक्त री-इंडेक्सची, म्हणजे टेबल पुन्हा कधी वाचायचं याची पद्धत नीट निवडावी लागते. ‘अपटाइम (चालू झाल्यापासूनचा वेळ) मागे गेला की’ हा पर्याय मला पुरला, कारण इंडेक्स बदलतात ते रीस्टार्टलाच. मी आधी सरळ ओआयडी चिकटवून मोकळा झालो होतो, म्हणून कॅक्टायला बोल लावत नाही.

आता कबुलीचा भाग. राउटर बंद पडल्यावर मी ठरवून टाकलं की पंखा गेला. पुरावा म्हणजे पंख्याच्या फेऱ्यांचा ग्राफ. १००२ नशिबाने जागचा हलला नव्हता. चार महिने फेरे हळूहळू चढत गेलेले स्पष्ट दिसत होते. पंखा धडपडतोय, बेअरिंग गेलं, असं म्हणून मी वॉरंटीत नवा फॅन ट्रे मागितला. सर्व्हिसवाल्या इंजिनीअरने फोनवर शांतपणे विचारलं, “सर, फेरे वाढलेत की कमी झालेत?” मी म्हटलं, वाढलेत. “मग पंखा चांगला आहे सर. जाळी साफ केलीत का?” मी भडकलो. ग्राफ पाठवले, ईमेलवर ईमेल टाकल्या, वॉरंटीच्या अटी उलट त्यांनाच वाचून दाखवल्या. शेवटी माझ्या तोंडाला कंटाळून त्यांनी ट्रे पाठवला. बसवला. तापमान दोन अंशांनी उतरलं.

मग गुपचूप पुढची जाळी काढली. तिच्यावर धुळीची गोधडी बसली होती. ब्रशने झाडली, परत लावली. अर्ध्या तासात सीपीयू ७४ वरून ६० वर, आणि पंखा पहिल्या महिन्यातल्या फेऱ्यांवर परत आला.

म्हणजे ग्राफ पहिल्यापासून खरं सांगत होता. हवा कमी मिळते म्हणून राउटर पंख्याला जास्त पळवतोय, एवढंच त्याचं म्हणणं. दमलेल्या बेअरिंगचा पंखा वेग गमावतो, वाढवत नाही. वाचता मला येत नव्हतं. त्या इंजिनीअरला मी नंतर ‘तुमचं बरोबर होतं’ एवढीच एक ओळ लिहिली. ट्रे परत मागितला नाही त्यांनी, आणि मीही तो विषय काढला नाही.

यानंतर माझं मत बदललं. आधी वाटायचं की सीपीयूचा एक आकडा पुरतो. तो जवळजवळ निरुपयोगी आहे. उन्हाळ्यात तो वाढणारच, ट्रॅफिक वाढलं की वाढणारच. कामाचा आकडा म्हणजे सीपीयूमधून आत येणाऱ्या हवेचं तापमान वजा केल्यावर उरणारा फरक. माझ्याकडे जाळी स्वच्छ असताना तो ३० च्या आसपास असतो. बाहेर कितीही उकडो, सारख्या ट्रॅफिकला हा फरक फारसा हलत नाही. तो हलू लागला की समजायचं हवा अडते आहे. आता अलार्म या फरकावर आहे: ३८ ला वाजतो आणि ३५ खाली उतरल्यावरच थांबतो. दोन आकडे वेगळे ठेवले नाहीत तर तो रात्रभर वाजतो-थांबतो, वाजतो-थांबतो. अनुभवाचे बोल आहेत.

ट्रॅपच्या, म्हणजे राउटरने आपणहून पाठवलेल्या सूचनेच्या भरवशावर राहू नका. राउटरने तापून बंद पडताना ट्रॅप पाठवला असेलही, पण तो यूडीपीवर जातो, पोचपावती नाही, आणि ज्या वाटेने जायचं ती वाट त्याच घडीला बंद पडत होती. माझ्यापर्यंत काही आलं नाही. एसएनएमपीच्या व्हर्जन २ पासून आलेली इन्फॉर्म नावाची सूचना पोचपावती मागते, पण पावतीची वाट बघायला राउटर जिवंत तर हवा. खरी बातमी दिली ती ग्राफमधल्या खिंडाराने. सलग दोन पोल चुकले की आता मला मेसेज येतो.

पोलिंगचा अतिरेकही करून झाला आहे. रागाच्या भरात मी दहा-दहा सेकंदांनी अख्ख्या झाडावर वॉक लावला होता. राउटिंग टेबलसकट सगळं वाचताना सीपीयूचा लोड चढला, आणि तापमान मोजण्यापायी तापमान तीन अंशांनी वाढलं. पाच मिनिटांनी चार ओआयडी, बस. तापमान काही क्षणात पळून जात नाही.

महिन्याचा ग्राफ बघताना मात्र सरासरीसोबत कमालही काढा. आरआरडी जुन्या नोंदी एकत्र करून ठेवतं, आणि सरासरीत दुपारचा पाच मिनिटांचा सुळका विरघळून जातो. फाइलमध्ये कमाल साठवलेली असूनही मी ती ग्राफवर घेतली नव्हती.

सुरक्षेबद्दल थोडक्यात. ‘पब्लिक’ ही कम्युनिटी स्ट्रिंग (व्हर्जन २ मधला पासवर्डसारखा शब्द) ठेवून मी दोन महिने काढले. ती पॅकेटमध्ये उघडी जाते, आणि तापमानासोबत बाकीचंही सगळं तिच्यावर वाचता येतं. आता व्हर्जन ३, पासवर्ड आणि एन्क्रिप्शन दोन्ही चालू, फक्त वाचण्याची परवानगी, आणि फक्त त्या लॅपटॉपच्या पत्त्यावरून. जोडायला व्हर्जन २ पेक्षा तिप्पट वेळ लागला. केलं ते बरं झालं.

उद्या पुन्हा फर्मवेअर अपडेट आहे. नावं आणि इंडेक्स यांचा आजचा वॉक छापून कपाटाच्या दारावर आतून चिकटवला आहे. स्क्रिप्ट नावावरून शोधते हे माहीत असूनही. चौदा अंश थंड झाला तर या वेळी कुणाला सांगणार नाही.