क्लाउडवरचं डेंटल सॉफ्टवेअर, दीड वर्ष वापरून झाल्यावर

सांगलीत मारुती चौकाजवळ आमचं दोन खुर्च्यांचं दातांचं क्लिनिक आहे, तळमजल्यावर. २०१९ च्या ऑगस्टमध्ये आयर्विन पुलापाशी पाणी ५७ फुटांच्या वर गेलं तेव्हा कॉम्प्रेसर आणि खुर्चीची मोटर गेली, ते परत घेता आलं, पण केसपेपरचं कपाट भिजलं ते कायमचं. पाणी उतरल्यावर आम्ही दोघं आणि रिसेप्शनच्या ताई, तिघं मिळून कार्ड एकेक करून दोरीवर वाळत घालत होतो, शाई पसरलेली, जुन्या एक्सरेच्या फिल्म एकमेकींना चिकटलेल्या. मग एका पीसीवर चालणारं सॉफ्टवेअर घेतलं तर २०२१ च्या जुलैमध्ये तोच सीपीयू उचलून वरच्या मजल्यावर न्यायची वेळ आली. म्हणून क्लाउड, म्हणजे रेकॉर्ड आपल्या पीसीवर नाही, नेटवरून कंपनीच्या सर्व्हरवर. कंपनीचं नाव लिहीत नाही कारण खाली तक्रार पण आहे, आणि मला सांगायचंय ते एका कंपनीपुरतं नाहीच.

सॉफ्टवेअर म्हणून छान आहे हे आधी सांगते. दातांचा चार्ट आपल्या एफडीआय नंबरांचा आहे (प्रत्येक दाताला दोन आकडी नंबर, ३६ म्हणजे खालची डावी पहिली मोठी दाढ), ३६ वर बोट ठेवलं की त्या दाढेचं आजवर काय काय झालं ते सगळं समोर येतं, कन्सेंट टॅबवर सही करून घेता येतो, घरी बसून उद्याच्या अपॉइंटमेंट दिसतात. ताईंना दोन दिवसात जमलं.

तक्रार आहे ती डेमोच्या वेळी सांगितलेल्या एका वाक्याची. "मॅडम काही लागत नाही, फक्त नेट आणि क्रोम." यावर आम्ही विश्वास ठेवला.

तिसऱ्याच आठवड्यातली गोष्ट. एक आजोबा, ३६ ची आरसीटी म्हणजे रूट कॅनॉल, दाताभोवती रबर डॅमचा पडदा लावलेला, मुळाच्या कॅनॉलमध्ये १५ नंबरची फाइल, म्हणजे साफ करायची बारीक सुई, घालून वर्किंग लेंग्थचा, म्हणजे मुळाची लांबी मोजायचा एक्सरे घेतला. एक्सपोजरचा बीप वाजला आणि स्क्रीनवर ते गोल फिरायला लागलं, फिरतंय, फिरतंय, इमेज काही येईना. आजोबा तोंड उघडं ठेवून, तोंडातला एक्सरेचा सेन्सर दाढेमागे टोचत असणार, हातानं विचारतायत झालं का. मला वाटलं इमेज गेली म्हणून मी परत एक्सपोजर दिलं. पाचेक मिनिटांनी दोन्ही इमेज एकामागोमाग आल्या, दोन्ही व्यवस्थित. म्हणजे आजोबांना एक एक्सरे विनाकारण बसला, डोस कितीही कमी असला तरी तो द्यायला नको होता, आणि याचं मला अजून वाईट वाटतं.

कारण नंतर सापडलं. आमचं नेट जुन्या तांब्याच्या लाइनवरचं, डाउनलोड ३० एमबीपीएस आणि अपलोड जेमतेम २. नेट घेताना आपण सगळे डाउनलोडच विचारतो, पण क्लिनिकमधून माल वर जातो, खाली कमी येतो. आमच्या आरव्हीजीची, म्हणजे या डिजिटल एक्सरेची, एक इमेज साधारण ६ एमबीची, २ च्या अपलोडवर नुसती ती जायलाच २४ सेकंद लागतात. त्यात त्याच वेळी ताई मिरजेहून आलेल्या दुसऱ्या एका पेशंटच्या सीबीसीटीची (जबड्याच्या थ्रीडी स्कॅनची) सीडी चढवत होत्या, ३०० एमबी, म्हणजे एकटीलाच वीस मिनिटं, आणि माझी इमेज तिच्या मागे रांगेत उभी. आणि हे सॉफ्टवेअर इमेज आधी वर पाठवून मग दाखवतं, आधी पीसीवर दाखवून मागाहून पाठवत नाही. हे विकत घ्यायच्या आधी विचारायचं असतं हे मला माहीतच नव्हतं.

आता फायबर घेतलंय, अपलोड ५० आणि डाउनलोडही ५०, इमेज सेकंदात येते. सीबीसीटी आता रात्री क्लिनिक बंद करताना चढवायची असा नियम केलाय.

वायफायचं पण सांगते. राउटर रिसेप्शनला, दुसरी खुर्ची मागच्या खोलीत, मधे जुन्या वाड्याच्या जाड भिंती. ५ गिगाहर्ट्झचं सिग्नल तिथपर्यंत पोचतच नाही आणि २.४ वर आजूबाजूच्या सगळ्या दुकानांची गर्दी. शेवटी वायरमनला बोलावून दोन्ही खुर्च्यांपर्यंत कॅट सिक्सची नेटवर्क केबल ओढली, एक छोटा स्विच बसवला, त्या दिवसापासून मागच्या खोलीतली कटकट संपली. वायफाय आता फक्त टॅब आणि मोबाइलला.

मग सेन्सर. क्रोम स्वतःहून सेन्सरशी बोलत नाही, मधे कंपनीचं ब्रिज नावाचं छोटं सॉफ्टवेअर पीसीवर टाकावं लागतं, घड्याळाशेजारी त्याचा आयकॉन दिसतो, तो नसला की एक्सरे नाही. आमच्या सेन्सरचा ड्रायव्हर फक्त विंडोजवर चालतो त्यामुळे कुठल्याही टॅबवर चालेल असं म्हणतात ते चार्टपुरतं खरं, एक्सरेला नाही. अँटीव्हायरसनं एकदा ब्रिजच बंद करून टाकला, अर्धा दिवस कळलंच नाही. आणि साध्या यूएसबी हबवर किंवा लांब एक्स्टेन्शनवर सेन्सर लावू नका, मधेच डिस्कनेक्ट होतो. यूएसबी टूची केबल जास्तीत जास्त ५ मीटरच चालते, म्हणून पीसी खुर्चीजवळच ठेवावा लागतो.

पीसीचं काय विचाराल तर रिसेप्शनला विंडोज सेव्हनवाला जुना होता, त्यावर क्रोम १०९ च्या पुढे जातच नाही आणि सॉफ्टवेअर उघडलं की अर्धी बटणं गायब. विंडोज टेनचे नेहमीचे अपडेट १४ ऑक्टोबर २०२५ ला थांबले, त्यामुळे आता घेणार असाल तर इलेव्हन चालेल असाच घ्या, इंटेल असेल तर आठव्या जनरेशनचा किंवा त्यापुढचा, टीपीएम २.० ही सुरक्षेची चिप असलेला. मायक्रोसॉफ्ट ४ जीबी रॅम पुरते म्हणतं पण क्रोम, ब्रिज आणि व्हॉट्सॅप वेब एकत्र उघडलं की ८ लागतेच. एसएसडी हवीच.

आणि लाईट! आमच्याकडे इन्व्हर्टर होता, पंखे चालायचे, आम्हाला वाटायचं झालं. पण लाईट गेली की इन्व्हर्टरवर यायला जो क्षण लागतो त्यात पीसी रीस्टार्ट होतो आणि राउटरही, मग नेट परत यायला तीन चार मिनिटं, आणि पेशंट खुर्चीवर. आता पीसीला वेगळा यूपीएस, आणि राउटर आणि फायबरचा डबा (भिंतीवरचा, ज्यात फायबरची वायर येते तो) दोन्हीला १२ व्होल्टचा मिनी यूपीएस. नुसता राउटर चालू ठेवून उपयोग नाही, डबा बंद पडला की नेट गेलंच, हे आमच्या लक्षात यायला महिना गेला. शिवाय फायबरच तुटला तर म्हणून दुसऱ्या कंपनीचं सिम एका डोंगलमध्ये घालून ठेवलंय, त्यावर चार्ट आणि बिलं निवांत चालतात.

एसएमएस रिमाइंडर पॅकेजमध्ये आहेत म्हणाले, ते आहेत, पण डीएलटीवर, म्हणजे मोबाइल कंपन्यांच्या एसएमएस नोंदणीच्या पोर्टलवर, आपलं रजिस्ट्रेशन, हेडर (पाठवणाऱ्याचं नाव), टेम्प्लेटची (मेसेजच्या मजकुराची) मंजुरी हे सगळं आपल्याला करावं लागलं, त्याशिवाय एक मेसेज जात नाही. तीन आठवडे गेले.

डेटाबद्दल मी सगळ्यात जास्त भांडले. डेंटल कौन्सिलच्या २०१४ च्या नियमावलीप्रमाणे रेकॉर्ड निदान तीन वर्षं जपायची जबाबदारी डॉक्टरची, आणि २०२३ च्या डेटा संरक्षण कायद्यानं पेशंटच्या माहितीची जबाबदारी पण आपल्यावरच येते. मी विचारलं, उद्या सोडायचं म्हटलं तर माझा डेटा कसा देणार, तर म्हणाले पीडीएफ देऊ. हजारो पेशंटची पीडीएफ घेऊन मी दुसरीकडे काय करू? चार मेल केल्यावर पेशंटची यादी एक्सेलला उघडेल अशी आणि एक्सरे डायकॉममध्ये, म्हणजे दुसऱ्या सॉफ्टवेअरलाही उघडता येणाऱ्या मेडिकल इमेजच्या फॉरमॅटमध्ये, द्यायचं लेखी कबूल केलं. आता दर महिन्याच्या शेवटी ती कॉपी मी घरच्या हार्ड डिस्कवर घेते, घर विश्रामबागला आहे. प्रत्येकाचं लॉगिन वेगळं, ताईंना अपॉइंटमेंट आणि बिलं, बाकी नाही, आणि सगळ्यांना ओटीपी.

सॉफ्टवेअरला पाचात चार देईन. आधी सांगायला हवं होतं ते सांगितलं नाही त्याला पाचात एक. वर्षाची फी सोडून केबल, यूपीएस, एक पीसी, डोंगल यात आमचे पन्नास हजारांच्या आसपास गेले.

तुमच्याकडे डेमोला आले की त्यांच्या लॅपटॉपवर बघू नका. मागच्या खोलीतल्या तुमच्या पीसीवर, तुमच्या सेन्सरनं, तुमच्या नेटवर, रिसेप्शनला काम चालू असताना, सेन्सरवर एक काढलेला दात ठेवून एक्सरे घ्यायला लावा आणि घड्याळ लावून बसा.