काई टाक, रनवे १३: घरच्या सिम्युलेटरवर काही महिने

हाँगकाँगच्या जुन्या काई टाक विमानतळाचं ॲड-ऑन (फ्लाइट सिम्युलेटरला जोडायचा वेगळा विकत मिळणारा भाग) घेऊन आता बरेच महिने झाले. आधीच सांगतो, टर्मिनल बघायला म्हणून घेणार असाल तर पैसे वाचवा. बाहेरून नुसता पुठ्ठा उभा केलाय, आत काहीच नाही. या विमानतळाची खरी मजा रनवे १३ वर, म्हणजे त्याच्या एकाच धावपट्टीवर शहराच्या बाजूने, उतरतानाच्या शेवटच्या मिनिटभरात आहे, आणि तेवढं मिनिट मात्र करणाऱ्यांनी जीव ओतून केलंय.

विमानतळालगतच्या कौलून या शहरभागाच्या मागे लायन रॉकचे डोंगर. त्यामुळे त्या बाजूने सरळ रेषेत उतरायची सोयच नव्हती. १९७४ साली बसवलेली आयजीएस यंत्रणा (उतरणाऱ्या विमानाला रेडिओ संकेतांनी वाट दाखवणारी) विमानाला धावपट्टीकडे आणायचीच नाही, ती न्यायची थेट एका टेकडीकडे. टेकडीवर मोठाले नारिंगी-पांढरे चौकोन रंगवलेले. ते दिसले की ऑटोपायलट सोडायचा आणि जंबो जेट हाताने उजवीकडे ४७ अंश वळवायचं. चौकोन दिसलेच नाहीत, तर मुकाट्याने गो-अराउंड, म्हणजे उतरणं सोडून पुन्हा वर.

हे वळण साधारण साडेसहाशे फुटांवर सुरू होतं आणि पंख सरळ होईपर्यंत जेमतेम दीडशे फूट उरतात. तोवर डाव्या खिडकीपेक्षा उजवीकडे बघा: गच्च्या, अँटेना, वाळत घातलेले कपडे. छपरांवरच्या दिव्यांची वाकडी रांग आहे, तिचं बोट धरून यायचं. रात्री नियॉन पाट्या स्थिर ठेवल्यात हे बघून तर मी खूशच झालो. खऱ्या शहरातही वैमानिकाचा गोंधळ नको म्हणून लुकलुकणाऱ्या पाट्यांना बंदी होती.

एक करा, वारा स्वतः लावा. ॲड-ऑनसोबत येणारं हवामान फारच गरीब आहे. आडवा वारा आणि डोंगरावरून येणारे झोत टाकले की मग कळतं, त्या काळच्या वैमानिकांना काय घाम फुटत असेल.

वैताग एकाच गोष्टीचा. सिम्युलेटरच्या एका अपडेटनंतर आजचा नकाशा खालून डोकं वर काढायला लागला. समुद्रात भराव टाकून काढलेल्या धावपट्टीच्या टोकाला २०१३ मध्ये क्रूझ टर्मिनल सुरू झालंय, ते माझ्या १९९० च्या दशकात उगवलं! विमान थांबतंय आणि समोर जहाजांचा धक्का. दुरुस्ती आली, पण फार उशिरा.

१९२५ पासूनचा हा विमानतळ ६ जुलै १९९८ ला बंद झाला आणि एका रात्रीत सगळा कारभार चेक लॅप कॉकच्या नव्या विमानतळावर हलला. हलवणं भागच होतं. एकुलत्या एका धावपट्टीवर १९९६ साली जवळपास तीन कोटी प्रवासी, आणि वाढायला जागा कुठेच नाही. हल्ली जो तो काई टाकच्या आठवणी काढतो, ज्यांनी तो पाहिलाही नाही तेसुद्धा (मी त्यातलाच). खाली राहणाऱ्यांना मात्र पहाटेपासून मध्यरात्रीपर्यंत कानठळ्या बसत होत्या. त्या आवाजाची गंमत मी व्हॉल्यूमचं बटण हाताशी ठेवून घेतोय.

उलट्या दिशेचं, म्हणजे रनवे ३१ चं काम अर्धवट वाटतं. उडाल्या उडाल्या डोंगर चुकवायला डावीकडे वळावं लागायचं, तो थरारही कमी नव्हता. पण त्या बाजूच्या इमारती धुरकट ठोकळे आहेत. पुढच्या आवृत्तीत तेवढं केलं तर वरचे पैसेही देईन.