फॉन्ट कुठून येऊ द्यायचा: गूगल, बनी, ॲडोबी की आपलाच सर्व्हर?

“बाकी सगळं झकास आहे, पण हा ल आपला नाही.”

एका छोट्या प्रकाशकासाठी साइट केली होती. पहिल्यांदा दाखवली तेव्हा रंग, मेनू, मुखपृष्ठं यांवर कुणी फारसं बोललं नाही. मुद्रितशोधन करणाऱ्या काकूंनी चष्मा कपाळावर सरकवला, मोबाइल नाकाजवळ नेला आणि हे वाक्य टाकलं. खरंच होतं ते. दोन पाकळ्यांच्या मराठी ल-ऐवजी दंडाला टेकलेला हिंदी वळणाचा ल दिसत होता, आणि श-सुद्धा तिकडचाच. मी मात्र आदल्या आठवड्यात तीन रात्री जागून फॉन्ट कुठल्या सेवेवरून घेतला की पान पाव सेकंद लवकर उघडेल, याचा हिशेब करत बसलो होतो.

दोष सेवेचा नव्हताच. फॉन्टात दोन्ही ल होते. पानाच्या कोडमधल्या पहिल्याच टॅगमध्ये भाषेच्या जागी थीमबरोबर, म्हणजे साइटच्या तयार साच्याबरोबर, आलेलं इंग्रजीचं ‘इएन’ तसंच राहिलं होतं. तिथे मराठीचं ‘एमआर’ केलं आणि ल सरळ झाला. ब्राउझर भाषेची खूण बघून फॉन्टातला योग्य आकार उचलतो. खूण चुकली की महागातली सेवासुद्धा हिंदी ल वाढते.

तेव्हापासून कुणी विचारलं, “फॉन्टसाठी कुठली सेवा घेऊ?” तर मी आधी विचारतो, “फॉन्ट कुठला घेताय?” आणि एक ओळ पाठवतो: ‘वऱ्हाडातल्या दऱ्याखोऱ्यांत ॲडव्होकेट शिल्पाताईंनी स्त्रियांच्या शाळेला ₹ ५०० दिले.’ या ओळीत मराठीची बहुतेक सगळी दुखणी आहेत: अर्धा र, ॲ, ल, श, ळ, स्त्र, रुपयाचं चिन्ह. ॲ युनिकोडमध्ये, म्हणजे सगळ्या लिप्यांच्या अक्षरांना क्रमांक देणाऱ्या यादीत, आला २००८ साली, त्यामुळे त्याआधीच्या फॉन्टात तिथे चौकोन दिसतो, किंवा दुसऱ्याच फॉन्टातला ॲ पाहुण्यासारखा अवघडून उभा राहतो. ही ओळ तुमच्या फोनवर, तुमच्या साइटवर नीट दिसली तर पुढचं वाचा.

गूगल फॉन्ट्स

२०१० पासून चालू, फुकट, वाचक कितीही येवोत. यातली सगळ्यात मोठी गोष्ट म्हणजे देवनागरीचा साठा. मुंबईच्या ‘एक टाइप’ या फॉन्ट बनवणाऱ्या संस्थेचे ‘मुक्त’, ‘बलू’ आणि अनेक. अहमदाबादच्या इंडियन टाइप फाउंड्रीचे हिंद आणि पॉपिन्स. शिवाय टिरो देवनागरीची खास मराठी आवृत्ती, जिच्यात मराठी ल आणि श मुळातच बसवलेले आहेत. भाषेची खूण विसरणाऱ्यांसाठी, म्हणजे माझ्यासारख्यांसाठी, टिरो सोयीचा. वजनं, म्हणजे जाड-बारीक प्रकार, मात्र त्यात मिळत नाहीत, साधं आणि तिरपं एवढंच. त्यामुळे मजकुराला टिरो आणि मथळ्यांना मुक्त अशी जोडी मी बऱ्याचदा लावतो.

लावायला दोन ओळी पुरतात. पण त्या दोन ओळींमागे ब्राउझरला दोन वेगळ्या पत्त्यांवर जावं लागतं: एका ठिकाणाहून स्टाइलशीट (पान कसं दिसावं ते सांगणारी फाइल), दुसऱ्या ठिकाणाहून खरी फॉन्ट फाइल. शहरातल्या वायफायवर हे जाणवत नाही. एसटीत बसून नेटवर्क येतं-जातं अशा फोनवर जाणवतं. त्या पत्त्यांशी आधीच जोडणी करून ठेवायला सांगणारी प्रीकनेक्टची ओळ टाकली तर थोडं सावरतं.

“सगळ्या साइट्स गूगलचाच फॉन्ट वापरतात, म्हणजे वाचकाच्या फोनात तो आधीच असतो” हे अजूनही ऐकू येतं. एकेकाळी खरं होतं. सफारीने २०१३ मध्ये, क्रोमने ऑक्टोबर २०२० मध्ये आणि फायरफॉक्सने जानेवारी २०२१ मध्ये प्रत्येक साइटची कॅशे, म्हणजे उतरवून ठेवलेल्या फाइलींचा साठा, वेगळी केली. आता शेजारच्या साइटवर उतरलेला मुक्त तुमच्या साइटला उपयोगी पडत नाही, पुन्हा उतरवावा लागतो. गूगलच्या बाजूने दिला जाणारा निम्मा युक्तिवाद तिथेच संपला.

आणखी एक गोष्ट, जी इंग्रजी लेखांत सापडणार नाही. गूगल फॉन्टचे लिपीनुसार तुकडे करतं, आणि पानावर ज्या लिपीची अक्षरं आहेत तेवढेच तुकडे उतरतात. इंग्रजी पानाला एक तुकडा पुरतो. मराठी पानाला नाही पुरत, कारण आपला पूर्णविराम, स्वल्पविराम, प्रश्नचिन्ह, कंस हे सगळं लॅटिनच्या तुकड्यात असतं. म्हणजे मुक्तसारख्या फॉन्टात एकही इंग्रजी शब्द नसलेल्या पानावरसुद्धा दर वजनामागे दोन फाइली. साधं, जाड, मध्यम आणि अतिजाड अशी चार वजनं हौसेने निवडली की झाल्या आठ. त्यात देवनागरीचा तुकडा लॅटिनच्या कित्येक पट जड, कारण जोडाक्षरांची फौज त्यातच असते. ब्राउझरचं नेटवर्क पॅनेल उघडून एकदा मोजा. दोन वजनांवर भागत असेल तर भागवा.

बनी फॉन्ट्स

२० जानेवारी २०२२ ला म्युनिकच्या न्यायालयाने एका साइटच्या मालकाला १०० युरो भरपाई द्यायला लावली. गुन्हा काय, तर पान उघडताना फॉन्ट गूगलवरून येत होता आणि वाचकाचा आयपी पत्ता त्याच्या संमतीशिवाय अमेरिकेला जात होता. न्यायालयाचं म्हणणं असं, की फॉन्ट स्वतःच्या सर्व्हरवर ठेवता येत असताना हे करण्याची गरजच नव्हती.

त्याच वर्षी स्लोव्हेनियाच्या बनी डॉट नेट या कंपनीने बनी फॉन्ट्स आणलं. फॉन्ट गूगलच्याच साठ्यातले, पत्ता बनीचा, आणि वाचकांच्या नोंदी ठेवत नाही असं त्यांचं म्हणणं. गूगलच्या ओळीतलं डोमेन बदललं की काम झालं. तुम्ही जर्मनीतल्या किंवा हॉलंडमधल्या महाराष्ट्र मंडळाची साइट सांभाळत असाल, गणेशोत्सवाची नोंदणी, तिकिटं असं काही त्यावर चालत असेल, तर गूगलचा दुवा आजच काढा. एवढंच करायचं असेल तर बनी हा सगळ्यात कमी मेहनतीचा मार्ग. साताऱ्यातल्या शाळेच्या साइटसाठी मात्र निव्वळ वेगाखातर बनीवर जाण्यात मला फारसा अर्थ दिसत नाही. तिसऱ्याच्या दारात जाणं दोन्हीकडे सारखंच.

ॲडोबी फॉन्ट्स

पूर्वीचं टाइपकिट, २००९ चं. ॲडोबीने २०११ मध्ये विकत घेतलं, २०१८ मध्ये नाव बदललं. क्रिएटिव्ह क्लाउडचं, म्हणजे ॲडोबीच्या सॉफ्टवेअर संचाचं, सदस्यत्व असेल तर वेगळे पैसे पडत नाहीत आणि लॅटिन फॉन्टांचा दर्जा निर्विवाद. देवनागरीचं दुकान त्या मानाने लहान.

इथे तीन अटी वाचून मगच पुढे जा. फॉन्टची फाइल तुमच्या सर्व्हरवर ठेवता येत नाही. ती त्यांच्याकडूनच येणार. आणि सदस्यत्व थांबलं की फॉन्टही थांबतो. तिसरी अट गिऱ्हाइकांची कामं करणाऱ्यांना जास्त चटका देते: गिऱ्हाइकाच्या साइटवरचा फॉन्ट गिऱ्हाइकाच्या स्वतःच्या सदस्यत्वावर असायला हवा, तुमच्या नाही. आपल्याकडे काय होतं, डिझायनर आपल्याच खात्यातून कोड काढून देतो, दोन वर्षांनी धंदा बदलतो, कार्डाची मुदत संपते, आणि एका सकाळी सराफाच्या साइटवरचे डौलदार मथळे साध्या अक्षरांत येतात. सराफ फोन करतो होस्टिंगवाल्याला. होस्टिंगवाल्याला काही ठाऊकच नसतं.

जाहिरात संस्था असाल, छपाई आणि वेब दोन्हीकडे तोच फॉन्ट हवा असेल, सदस्यत्व कायम चालूच राहणार असेल, तर ॲडोबी घ्या. नुसत्या मराठी साइटसाठी सदस्यत्व विकत घेऊ नका.

आपलाच सर्व्हर

माझं मत लपवण्यात अर्थ नाही: जमत असेल तर हेच करा. मुक्त, बलू, टिरो, हिंद हे सगळे खुल्या परवान्याखाली आहेत, फाइल उतरवून आपल्याकडे ठेवायला पूर्ण मुभा. दुसऱ्या पत्त्यावर हेलपाटा नाही, म्युनिकची भानगड नाही, आणि दूरच्या कुणी फॉन्टची नवी आवृत्ती चढवली म्हणून तुमच्या ओळींची उंची बदलत नाही. शिवाय गूगलवर नसलेले फॉन्टही वापरता येतात. उदाहरणार्थ आयआयटी मुंबईचा शोभिका: संत साहित्य किंवा संस्कृत अवतरणं छापणाऱ्यांनी तो बघायलाच हवा, जोडाक्षरांना त्यात तोड नाही.

वर सांगितलेली दोन फाइलींची अडचणही इथे सुटते. देवनागरी, मराठीला लागणारी विरामचिन्हं आणि इंग्रजी अक्षरं एकाच फाइलीत बांधायची. एक वजन, एक फाइल.

पण इथेच माझा हात पोळला आहे. दिवाळी अंकाच्या साइटसाठी घाईत फॉन्ट बारीक करायचा होता. फॉन्ट टाका आणि छोटी फाइल घ्या, असं सांगणाऱ्या एका फुकट साइटवर टाकला. फाइल खरंच छोटी झाली, मी खूश. रात्री साडेअकराला संपादकांचा फोन: “अहो, हे क्षितिजाचं काय केलंत?” उघडून बघतो तर ‘क्ष’चा ‘क्‌ष’, ‘स्त्री’ची ‘स्‌त्‌री’, पानभर पाय मोडलेली अक्षरं. त्या यंत्राने अक्षरांचे आकार ठेवले होते आणि कुठली अक्षरं जुळून कुठला आकार होतो तो नियमांचा तक्ताच कापून टाकला होता. इंग्रजीचं त्यावाचून अडत नाही, म्हणून ते बनवणाऱ्याच्या कधी लक्षातही आलं नसेल.

आता मी फॉन्टटूल्स या साधनसंचातलं, हवी तेवढीच अक्षरं ठेवून फॉन्ट छोटा करणारं पायएफटीसबसेट वापरतो. कमांड लाइनची भीती नसेल तर पाच मिनिटांचं काम: युनिकोड क्रमांकांतला ०९०० ते ०९७एफ हा देवनागरीचा पट्टा, साधी लॅटिन अक्षरं, अवतरणचिन्हं, रुपयाचं २०बी९, आणि न चुकता २००सी आणि २००डी. ही शेवटची दोन अदृश्य अक्षरं आहेत, म्हणून यादीतून हमखास गळतात. अर्धा र टाइप करण्याच्या दोन पद्धती आहेत. नव्या पद्धतीत ऱ हे स्वतंत्र अक्षर येतं, जुन्या पद्धतीत साध्या र-च्या हलन्तापुढे हे अदृश्य २००डी येतं. तुमच्या साइटवर दहा वर्षांपूर्वीचे लेख असतील तर दोन्ही प्रकारच्या ‘दऱ्या’ असणारच. यादीत २००डी नसेल तर जुन्या दऱ्यांचं काय होईल ते ब्राउझरच्या मर्जीवर. फाइल वॉफ२ या प्रकारात काढा, आताचे सगळे ब्राउझर ती वाचतात. स्टाइलशीटमध्ये ‘फॉन्ट-डिस्प्ले: स्वॅप’ टाका, म्हणजे फॉन्ट येईपर्यंत वाचक कोऱ्या पानाकडे बघत बसत नाही.

कमांड लाइन नको असेल तरी वाटा आहेत. वर्डप्रेसच्या ६.५ आवृत्तीपासून, म्हणजे एप्रिल २०२४ पासून, फॉन्ट लायब्ररी आली. ब्लॉक थीम असेल तर तिथून गूगलचा फॉन्ट निवडला की फाइल तुमच्याच सर्व्हरवर उतरते. वर्डप्रेसवाल्यांनी यापुढचा विचार करूच नये, हेच घ्यावं. जावास्क्रिप्टवाल्यांना फॉन्टसोर्सची, म्हणजे खुल्या फॉन्टांची तयार, पॅकेजेस आहेत. नेक्स्ट ही जावास्क्रिप्टची चौकट वापरत असाल तर बिल्डच्या वेळी, म्हणजे साइट बांधतानाच, फॉन्ट उतरवून घेण्याची सोय त्यातच आहे. फक्त सबसेटमध्ये, म्हणजे लिपीच्या तुकड्यांच्या यादीत, देवनागरी लिहायला विसरू नका, नाहीतर तो तुकडा आधीपासून मागवला जात नाही. फॉन्टसोर्सचं नुसतं लॅटिनचंच उदाहरण उचलून चिकटवलेल्या साइट्स मी पाहिल्या आहेत. इंग्रजी नाव सुंदर, आणि खालचा सगळा मराठी मजकूर फोनच्या साध्या फॉन्टात.

ब्लॉगरवर लिहिणाऱ्यांना फॉन्टची फाइल ठेवायला जागाच नाही. तिथे गूगल फॉन्ट्स. प्रश्न मिटला.

आणि काहीच न घेणं

हा पर्याय कुठल्याच तुलनेत नसतो, कारण त्यात कुणाचं काही विकलं जात नाही. अँड्रॉइडवर नोटो सान्स देवनागरी असतोच, विंडोजवर निर्मला, ॲपलवर कोहिनूर देवनागरी. तिन्ही वाचायला चांगले. बाजारभाव, पाणीपुरवठ्याचं वेळापत्रक, बसचं टाइमटेबल असली पानं उघडणाऱ्याला तुमच्या वळणदार मथळ्यांशी देणंघेणं नसतं, आकडा लवकर दिसायला हवा असतो. अशा साइटवर मी फॉन्ट लावतच नाही.

त्या प्रकाशकाच्या साइटवर आता मजकुराला टिरो मराठी आणि मथळ्यांना मुक्तचं एकच जाड वजन आहे. दोन फाइली, दोन्ही त्यांच्याच होस्टिंगवर. काकूंनी परवा पुन्हा मोबाइल नाकाजवळ नेला होता. या वेळी ल पास झाला. आता त्यांचं म्हणणं आहे की मुखपृष्ठाखालच्या किमतीत रुपयाचं चिन्ह आणि आकडा यांच्यात जागा जास्त सुटते. ते मला आज रात्री बघायचंय.