‘स्टान्स येतलो’ म्हणून जुने, चुकीच्या साइजचे टायर गळ्यात मारले - झेड४ वाल्यांनो सावध राहा

ज्यांच्या गाडीला पुढे एक साइज आणि मागे दुसरी साइज असते त्यांनी हे नीट वाचा. गोव्यात सेकंडहँड स्पोर्ट्स कार घेणारे आता बरेच झालेत आणि त्यांना हेरून बसलेले टायरवालेही झालेत.

माझी २०११ ची बीएमडब्ल्यू झेड४ आहे, ई८९ मॉडेल, दोन सीटची, छत उघडणारी. कंपनीची साइज पुढे २२५/४० आर१८ आणि मागे २५५/३५ आर१८, चारही रनफ्लॅट, म्हणजे पंक्चर झाले तरी थोडं अंतर चालवता येणारे, कारण गाडीत स्टेपनीच नसते. २०२४ च्या मे महिन्यात टायर संपत आले होते, पावसाच्या आधी बदलायचे होते, म्हणून म्हापशाच्या बाजूला एका दुकानात गेलो. दुकानाचं नाव लिहीत नाही.

दुकानदार बोलायला एकदम गोड. मागची २५५ ची साइज मिळत नाही म्हणाला, मागवायला महिना लागेल, तोवर पाऊस सुरू होईल. मग मोबाइलवर ‘स्टान्स’चे, म्हणजे गाडी उभी कशी रुबाबात दिसते त्याचे फोटो दाखवले, नाक खाली बसलेलं, मागची बाजू जरा उचललेली. म्हणाला पुढे २१५/४० घाला, मागे २४५/४०, गाडीला स्टान्स येतलो, सगळे विचारतील. मी विचारलं हँडलिंगला काही होणार नाही ना, तर म्हणे, "टेन्शन घेव नाका पात्रांव, दहा दहा एमएमचो फरक." बिल नको म्हणालात तर २८ टक्के जीएसटी वाचेल हेही त्यानेच सुचवलं. मी बासष्ट हजार रोख दिले. मग तो म्हणाला तासभर लागेल, तुम्ही चहा घेऊन या, आणि मी गेलो. परत आलो तेव्हा चारही टायर चढवून झाले होते, पॉलिश मारून काळेभोर चमकत होते.

आता दहा एमएमचा फरक म्हणजे काय ते सांगतो, कारण मला हे आधी कुणी सांगितलं असतं तर मी तिथूनच परत फिरलो असतो. २२५/४० मधला ४० हा एमएम नाही, तो टक्का आहे. २२५ एमएम रुंदीच्या ४० टक्के म्हणजे ९० एमएम साइडवॉलची, म्हणजे टायरच्या बाजूच्या भिंतीची उंची, ती वर आणि खाली दोनदा धरायची, त्यात १८ इंचाच्या रिमचे ४५७ मिळवायचे, की टायरची पूर्ण उंची ६३७ एमएम. मागच्या २५५/३५ ची तशीच काढली तर ६३६. म्हणजे रुंदी वेगळी असली तरी पुढचं-मागचं चाक उंचीला जवळपास सारखंच, कंपनीने ते मुद्दाम जुळवलेलं असतं. माझ्या गाडीला जे बसवले ते पुढे ६२९ आणि मागे ६५३. एका एमएमचा फरक होता तो चोवीसवर गेला. पुढून गाडी चार एमएम खाली बसली, मागून जवळजवळ नऊ एमएम उचलली गेली, बघायला खरंच छान दिसत होती, मी मिरामारला जाऊन फोटोही काढले.

पण चालवताना पहिल्याच दिवशी काहीतरी चुकतंय असं वाटलं. सरळ रस्त्यावर स्टिअरिंग हलकं पडलेलं. वळणावर नाक आधी आत यायलाच मागायचं नाही, पुढची रुंदी कमी झाली होती ना, आणि मग मागची बाजू अर्ध्या क्षणाने उशिरा यायची, कारण ८९ च्या जागी ९८ एमएमची उंच आणि मऊ साइडवॉल आधी वाकणार आणि मग गाडी वळणार. त्यात कोरड्या रस्त्यावर, साध्या वेगात, डीएससीचा, म्हणजे गाडी घसरू न देणाऱ्या सिस्टिमचा दिवा मधूनच लुकलुकायचा. ही सिस्टिम चारही चाकं किती वेगाने फिरतायत ते बघत असते, मागचं चाक मोठं म्हणजे ते हळू फिरणार, तिला वाटणार कुठलं तरी चाक घसरतंय. दुकानदाराला फोन केला तर म्हणाला नवे टायर आहेत, पाचशे किलोमीटर होऊ देत. नव्या टायरला थोडं रनिंग लागतं हे खरं आहे, म्हणून मी गप्प बसलो.

जूनच्या दुसऱ्या आठवड्यात बेळगावहून चोर्ला घाटातून उतरत होतो, बायको शेजारी, पाऊस चालू, वेग चाळीसच्या आतच असेल. एका वळणावर स्टिअरिंग फिरवलं आणि गाडी सरळच गेली. मग दिवा पेटला, नाकाने पकड घेतली आणि मागची बाजू सुटली. कठड्यापासून हातभर अंतरावर थांबलो. बायको काहीच बोलली नाही, खाली साखळी गाव येईपर्यंत तिने दाराचं हँडल धरून ठेवलं होतं.

दुसऱ्या दिवशी फोंड्याला आमच्या ओळखीच्या मेस्त्रीकडे गेलो. त्यांनी आधी मशीन लावलंच नाही. सुतळीचा तुकडा घेतला, पुढच्या टायरभोवती गुंडाळून गाठ मारली, मग मागच्या टायरभोवती दुसरा, आणि दोन्ही सोडून फरशीवर शेजारी शेजारी ठेवले. साडेसात सेंटिमीटरचा फरक. मग ट्रेडमध्ये, म्हणजे टायरच्या रस्त्याला टेकणाऱ्या नक्षीच्या रबरात, अंगठ्याचं नख रुतवून बघितलं, रुतलंच नाही. "बाबू, हे नवे कोण म्हणता?" गाडी लिफ्टवर घेतली आणि टॉर्च घेऊन आतल्या बाजूने बघितलं. टायरवर उठवलेल्या डॉट कोडचे, ज्यात तो कधी बनला ते असतं, शेवटचे चार आकडे मागे ३८१८ आणि पुढे १११९. पहिले दोन आकडे आठवड्याचे, पुढचे दोन वर्षाचे, म्हणजे मागचे टायर २०१८ च्या ३८ व्या आठवड्यातले, जवळजवळ सहा वर्षं कुठेतरी पडून कडक झालेले. तारखेचा पूर्ण कोड बऱ्याच टायरवर एकाच बाजूला असतो, ती बाजू चारही चाकांना आत घातलेली. चारपैकी चारला चुकून होत नाही हो असं. आणि रनफ्लॅटही नव्हते, म्हणजे घाटात पंक्चर झालं असतं तर स्टेपनी नाही आणि टायरही चालवण्यासारखा नाही.

दुकानात गेलो तर सूरच बदललेला. साइज तुम्हीच मागितली, टायर आमचेच कशावरून, बिल दाखवा. बिल कुठलं? १९१५ या ग्राहक हेल्पलाइनवर फोन केला, त्यांनीही पहिल्यांदा बिलच विचारलं. रोख दिलेल्या बासष्ट हजारांचा एक कागद माझ्याकडे नव्हता, त्या २८ टक्क्यांच्या मोहात तोच तर मी सोडून दिला होता.

त्यामुळे ज्यांना टायर घ्यायचे आहेत त्यांनी ड्रायव्हरच्या बाजूचं दार उघडून तिथल्या स्टिकरवरची साइज आधी फोटोत घ्या, टायर रिमवर चढायच्या आधी चारही कोड स्वतः वाचा, बिलावर साइज लिहून घ्या आणि कितीही आग्रह केला तरी चहाला जाऊ नका, मशीनजवळ उभे राहा. मागची साइज खरंच मिळत नव्हती का? पणजीत दुसऱ्या दुकानात विचारलं, आठ दिवसांत आले, २५५/३५ रनफ्लॅट, पक्क्या बिलासकट. ते घातल्यापासून दिवा एकदाही लागलेला नाही आणि नाक पूर्वीसारखं हातासोबत वळतं.

काढलेले चार टायर महिनाभर पडवीत होते. एक मुलगा आठ हजार द्यायला तयार होता, त्यालाही स्टान्सच करायचा होता. त्याला तारीख दाखवली, तरी तो घेतोच म्हणत होता. शेवटी मेस्त्रींकडून चारही साइडवॉल ग्राइंडरने कापून घेतल्या आणि मगच टायर भंगारात दिले.