७८० रुपयांचा पोटाचा पट्टा आणि पावणेतीन किलोची गाठ : आठ महिन्यांनंतर

काल संध्याकाळी पट्ट्याचं वेल्क्रो मुळापासून सुटलं. चिकटायचं तर ते केव्हाच बंद झालं होतं, काल शिवणच उसवली. चष्मा लावून बघितलं तर एकेरी टीप. ज्या कडेवर सगळा ताण येणार तिथं एकेरी टीप, आणि शेवटी उलटी फिरवून पक्कीसुद्धा केलेली नाही. पंचवीस वर्षं बेळगावच्या शहापुरात ब्लाऊज शिवतेय. परकराच्या नाडीच्या तोंडालाही मी दोनदा टीप मारते.

पट्टा म्हणजे पोटाच्या ऑपरेशननंतर बांधतात तो. नऊ इंची, इलॅस्टिकचा, एक्सएल. कसा असतो ते सांगत बसत नाही, सिझेरियननंतरचा एखादा घरोघरी कपाटावर पडलेला असतोच. पण एक्सएल का, ते सांगायला पाहिजे.

मागच्या संक्रांतीला स्वतःचा ड्रेस बेतायला घेतला. छाती तेवढीच, दंड उलट अर्धा इंच कमी, आणि पोट ३६ वरून थेट ४१. टेप फिरवून दोनदा मोजलं. गिऱ्हाईक म्हणायची, "अक्का, सुटलीस की गं." मीही चाळिशी म्हणून सोडून दिलं. दोन घास खाल्ले की पोट तट्ट व्हायचं, रात्री चार-चार वेळा लघवीला उठायची. पण दुसऱ्या बाईचा दंड बारीक होऊन पोट वाढलेलं मापात दिसलं असतं तर मी तिला तिथंच दवाखान्यात पाठवली असती. स्वतःच्या बाबतीत लग्नसराई आडवी आली.

सोनोग्राफीत उजव्या अंडाशयाची गाठ निघाली. २१ बाय १८ बाय १४ सेंटीमीटर, आत चिकट पाणी आणि पडदेच पडदे. सीए-१२५ नावाची रक्ताची तपासणी केली, ती ५८ आली. ३५ च्या आत पाहिजे असते. त्यात भाच्यानं रिपोर्टमधला 'ट्यूमर' शब्द मोठ्यानं वाचला आणि घरात रडारड सुरू. डॉक्टरबाईंनी समजावलं की साध्या गाठीलाही ट्यूमरच म्हणतात, आणि तो आकडा पाळीच्या दिवसांत, फायब्रॉइडनं, म्हणजे गर्भपिशवीतल्या साध्या गाठीनंसुद्धा वाढतो. त्याच्या एकट्याच्या जोरावर कुणी कॅन्सर ठरवत नाही. गाठ काढल्याशिवाय कळणार नाही, एवढं मात्र स्पष्ट सांगितलं.

दुर्बिणीतून का नाही, हे मीही विचारलं. छोटी भोकं, लवकर घरी, दुकान लवकर उघडणार. त्या म्हणाल्या, एवढी गाठ आत फुटली आणि तिच्यात काही वाईट निघालं तर ते सगळ्या पोटात पसरेल. अख्खी बाहेर काढायची म्हणजे उभा काप घ्यायलाच लागणार. पटलं. नणंद कोल्हापूरला ये म्हणत होती, पण मला रोज घरचा डबा पाहिजे होता. पैशाचं थोडक्यात सांगते, नाहीतर रक्तदाब वाढतो. आमचं एपीएल कार्ड, दारिद्र्यरेषेच्या वरचं, म्हणजे आरोग्य कर्नाटक योजनेत पॅकेजच्या ३० टक्केच सरकारचे, बाकीचे आपले. त्याच्या रेफरलसाठी नवऱ्याची तीन दिवसांची हजेरी बुडाली.

ऑपरेशन चालू असतानाच गाठीचा तुकडा तपासायला पाठवतात, फ्रोझन सेक्शन म्हणतात त्याला. अर्ध्या तासात उत्तर आलं, साधी गाठ. त्यामुळं उजवं अंडाशय आणि नळी काढली, डावं अंडाशय आणि पिशवी ठेवली. अपेंडिक्स पण बघून घेतलं, कारण या जातीच्या गाठीचं मूळ कधीकधी तिथं असतं म्हणे. नवऱ्याला बाहेर ट्रेमध्ये गाठ दाखवली, पावणेतीन किलो. तो खाली बसला. सिस्टर पळत पाणी घेऊन आली ती त्याच्यासाठी. पण एवढ्या मोठ्या गाठीत एखादा बदललेला भाग फ्रोझनमध्ये सुटू शकतो, म्हणून शेवटचा कागद महत्त्वाचा. तो आठ दिवसांनी आला : म्युसिनस सिस्टअडिनोमा. साधी. देवाला नारळ फोडला, आणि खरं सांगते, दुसऱ्या मिनिटाला माझं डोकं परत पट्ट्याकडं गेलं.

कारण पट्टा त्या आठ दिवसांत माझ्या जिवाला लागला होता. दवाखान्याच्या खालच्याच मेडिकलमधून चिठ्ठीवर आणलेला, ७८० रुपये, एक पैसा कमी नाही. बसलं की वरची कड गुंडाळून छातीखाली वळी व्हायची. रात्री सोडताना चर्रर्र असा आवाज की शेजारच्या कॉटवरची म्हातारी दचकून उठायची. वेल्क्रोचं टोक नाईटीत अडकून धागे ओढायचं. आणि घरी आल्यावर तर कहरच. आमचं दुकान घरातच. तीन आठवड्यांत वेल्क्रोच्या आकड्यांत दोऱ्यांचे तुकडे, कात्रणाची पिसं, अस्तराचा कापूस सगळं भरून बसलं. सुईनं तासभर बसून साफ केलं तरी दुसऱ्या दिवशी परत तेच. मेडिकलवाला म्हणाला, वापरलेला माल परत नाही. पाकिटावरच्या नंबरला फोन लावला तर पलीकडची पोरगी विचारते, "मॅडम, डस्टमध्ये वापरला काय?" अगं बाई, ऑपरेशन झालेल्या बायका काय काचेच्या कपाटात राहतात?

तेव्हा मी पट्ट्याला पाचपैकी शून्य देणार होते. सहाव्या आठवड्याला तपासणीला गेले तेव्हा थोडं मत बदललं.

त्या दिवशी डॉक्टरबाईंना सरळ विचारलं, आत कसं शिवलंय? आधी हसल्या, मग मी काय काम करते ते कळल्यावर नीट सांगितलं. वरच्या कातड्याचे टाके म्हणजे नुसती कड दुमडल्यासारखे. खरी शिवण त्याखालच्या पांढऱ्या जाड पडद्याची, पोट धरून ठेवतो तो तोच. त्याला सावकाश विरघळणारा दोरा वापरतात, पुरा जायला सहा महिन्यांच्या वर लागतात. आणि त्या शिवणीला हिशोब असतो : दोरा जखमेच्या लांबीच्या कमीत कमी चौपट लागला पाहिजे. माझा काप १८ सेंटीमीटर, म्हणजे ७२ सेंटीमीटर दोरा. त्याहून कमी लागला तर टाके लांब लांब पडले किंवा ओढून ताणून बसवले असं समजायचं.

टाका कडेपासून किती आत, हे विचारल्यावर त्या म्हणाल्या, अर्धा सेंटीमीटर. इथं मी वाद घातला. आमच्याकडं कडेला एवढ्या जवळ टीप घातली की कापड विरतं. त्यांनी सांगितलं की आधी तेही एक सेंटीमीटर घ्यायचे. पण हॉलंडमध्ये ५६० पेशंटांवर दोन्ही पद्धती करून बघितल्या, २०१५ साली छापून आलं. मोठ्या टाक्यांत वर्षभरानं शंभरात २१ जणांना कापाच्या जागी हर्निया, बारीक टाक्यांत १३. मोठ्या टाक्यात मांस आणि चरबी पण आवळली जाते, ती मरते, आणि टाका सैल पडतो. म्हणजे कापड विरत नाही, मधलं अस्तर कुजतं. हे मला लगेच कळलं. भरजरी साडीच्या काठाला अस्तरासकट जाड टाका घातला की असंच होतं.

मग विचारलं, हर्निया टाके अडवतात, तर पट्टा काय अडवतो? त्या म्हणाल्या, पट्टा हर्निया थांबवतो याचा भरवसा नाही. तो उठता-बसता, खोकताना आधार. आता सोडला तरी चालेल.

७८० रुपये फक्त आधाराला! घरी येईपर्यंत धुमसत होते. पण कपिलेश्वरच्या पुलावर रिक्षा दणकली तेव्हा ऑपरेशननंतरचा दुसरा दिवस आठवला. लघवीची नळी काढून सिस्टर मला पहिल्यांदा उभी करत होती. "मेल्लगे अक्का, मेल्लगे." म्हणजे कानडीत सावकाश. आधी कुशीवर वळायचं, पाय खाली सोडायचे, मग हातावर जोर देऊन उठायचं; सरळ उठलीस तर टाक्यांवर येतं, असं तिनं मोडक्या मराठीत शिकवलं होतं. पट्टा आवळला नव्हता तोवर पोटातलं सगळं खाली ओघळतंय असं वाटत होतं. आवळला आणि सहा पावलं चालले. खोकला आला की ती उशी पोटाशी दाबायला द्यायची. उशी फुकटची आणि तेवढीच कामाची, पण उशी घेऊन चालता येत नाही. म्हणून शून्याचे दोन केले.

दुसऱ्या आठवड्यापासून मात्र मी सासूबाईंच्या पद्धतीनं बांधत होते. बाळंतिणीला बांधतात तसं, जुन्या सुती इरकलीचा पदर दुहेरी करून, बाजूला गाठ. वळी होत नाही, आवाज नाही, रोज धुता येतं. त्यात एकच खोट, दुसरं माणूस लागतं.

ज्यांचं शिवणाचं काम आहे त्यांच्यासाठी : पाच किलोच्या वर उचलू नको म्हणतात, आणि माझी इस्त्रीच साडेपाचची. दीड महिना इस्त्री नवऱ्यानं केली, चुण्या अजून गिऱ्हाईक दाखवतात. पायाच्या मशीनला मोटर बसवून घेतली, ती आधीच बसवायला पाहिजे होती. सहा महिन्यांची सोनोग्राफी झाली, डावं अंडाशय स्वच्छ. पोट ३५. काप बोटानं चाचपला तर एकसारखा, मध्ये फुगवटा नाही. खोकून पण बघते अधूनमधून.

म्हणून शिवणीला पाचपैकी पाच, पट्ट्याला दोन. पट्टा काल कपाटावरून काढला तो वडगावच्या काकूंसाठी, त्यांच्या सुनेचं सिझेरियन झालंय. वेल्क्रो सुटलेला कसा देणार? गणपत गल्लीतून अर्धा मीटर नवं वेल्क्रो आणलं, ४० रुपये, आणि चौकोन करून मध्ये फुलीची टीप मारली. पट्टा फुकट देतेय. चाळीस रुपये मात्र काकूंकडून घेणार.