नाना घरी आल्यावर : सिस्टरच्या घरभेटींचे पाच महिने

मेअखेरीस सासऱ्यांना, म्हणजे नानांना, हॉस्पिटलमधून घरी आणलं. वय ८१, हार्ट फेल्युअर म्हणजे हृदयाचं पंपिंग कमी, ३० टक्केच, खुर्चीतून उठायचं तरी दोन्ही हातांचा रेटा लागायचा. सोबत जाडजूड फाईल, अकरा गोळ्या आणि 'पंधरा दिवसांनी दाखवा'. त्याआधीच्या चार महिन्यांत ते दोनदा ॲडमिट झाले होते. दोन्ही वेळा पाय सुजले, रात्री आडवं झालं की धाप लागायची. म्हणून या वेळी एका होमकेअर कंपनीचं तीन महिन्यांचं पॅकेज घेतलं. हार्टच्या आयसीयूत काम केलेल्या सिस्टर पहिले दोन आठवडे दोनदा, मग आठवड्यातून एकदा घरी येणार, मधल्या काळात फोन. ब्युरोकडून मिळते ती दिवसभराची बाई वेगळी, हे आधीच सांगते. आमच्या शेजाऱ्यांचा तोच घोळ झाला होता.

पहिल्या भेटीत सिस्टरनी बीपीचं मशीन काढायच्या आधी औषधं मागितली. "घरात आहेत तेवढ्या सगळ्या गोळ्या आणा ताई, जुन्यासुद्धा." सासूबाईंनी श्रीखंडाचा डबा आणून पलंगावर उपडा केला. सिस्टर एकेक स्ट्रिप उलटी करून मागची बारीक अक्षरं वाचत बसल्या. एक जुनी, एक हॉस्पिटलची नवी. नावं वेगळी, गोळ्यांचे रंग वेगळे, आतलं औषध एकच, नाडी मंदावणारं मेटोप्रोलॉल. सासूबाई दोन्ही देत होत्या, कारण जुनी बंद करा असं फाईलमध्ये कुठेच लिहिलेलं नव्हतं. नाडी ४६ भरली. दोन दिवस नाना "गरगरतंय" म्हणत होते आणि आम्ही त्यांना मोसंबीचा रस पाजत होतो! सिस्टरनी तिथूनच डॉक्टरांना फोन लावला. डोस त्या स्वतः बदलत नाहीत, पण डॉक्टरांना नेमकं काय सांगायचं ते त्यांना कळतं. आम्ही फोन केला असता तर "जरा चक्कर येतेय" एवढंच बोललो असतो.

त्याच डब्यात गुडघेदुखीसाठी मेडिकलमधून आणलेल्या डायक्लोफेनॅकच्या गोळ्या होत्या. त्या गोळ्यांनी अंगात पाणी धरतं आणि किडनीवर ताण येतो, हे आम्हाला तोवर कुणी सांगितलं नव्हतं.

मग वजन. सकाळी लघवी झाल्यावर, चहाच्या आधी, रोज तेवढ्याच कपड्यांत, आणि आकडा कालनिर्णयच्या त्या दिवसाच्या चौकोनात. तीन दिवसांत दोन किलो वाढले तर फोन, धाप लागायची वाट बघायची नाही. हे आषाढीला उपयोगी पडलं. एकादशीच्या तिसऱ्या दिवशी वजन १.८ किलोंनी वर, नडगीवर बोट दाबलं तर खळगा तसाच. सिस्टरनी विचारलं, "नाना, उपासाला काय काय खाल्लंत?" खिचडी, बटाट्याचे पापड, वेफर्स. "पण सगळं सैंधवातलं होतं," नाना ठसक्यात म्हणाले. सैंधवातही सोडियमच असतं हे त्यांना त्या दिवशी पटलं असं नाही, पण डॉक्टरांनी चार दिवस लघवीची गोळी वाढवली आणि हॉस्पिटल टळलं. मी हौसेने लो-सोडियम मीठ आणलं होतं, तेही सिस्टरनी परत करायला लावलं. त्यात पोटॅशियम असतं आणि नानांच्या गोळ्यांपैकी एक आधीच पोटॅशियम वाढवणारी.

आणखी एक. लघवीची दुसरी गोळी आम्ही रात्री जेवणानंतर देत होतो, म्हणून नाना अंधारात तीन-तीनदा उठायचे. डॉक्टरांना विचारून ती दुपारी चारवर आणली. झोपून बीपी १२८ आणि उभं केल्यावर ९८ येतंय, हेही सिस्टरमुळेच कळलं. असा माणूस रात्री उठताना पडणारच.

आता तक्रारी. जूनमध्ये आमच्या सिस्टर रजेवर गेल्या. बदलीवर आलेल्या बाईंनी जेवणानंतर वजन घेतलं आणि घरभर उगाच धावपळ झाली. 'चोवीस तास' फोनवर रविवारी रात्री दोनला एक मुलगा पेशंट आयडी विचारत राहिला. पॅकेजचे १८,००० रुपये मेडिक्लेमवाल्यांनी नाकारले. ऑगस्टमध्ये न्यूमोनिया होऊन पाच दिवस ॲडमिट करावंच लागलं. त्याचा दोष मात्र मी सिस्टरना देणार नाही. आणि तीन महिने भरले तशी सेवा नळ बंद करावा तशी बंद!

अमेरिकेत फिलाडेल्फियाला नर्सिंगच्या संशोधक मेरी नेलर यांनी हार्ट फेल्युअरच्या ६५ वर्षांवरच्या २३९ रुग्णांवर हाच तीन महिन्यांचा प्रयोग केला होता. निष्कर्ष २००४ साली छापून आले. वर्षभरात पुन्हा भरती होणं कमी झालं आणि खर्चही. पण तिथल्या नर्सेस जास्त शिकलेल्या, त्या हॉस्पिटलमध्ये असल्यापासूनच रुग्णाबरोबर असायच्या. आमच्याकडे सिस्टर घरी आल्या तेव्हा डबल डोसचे दोन दिवस होऊन गेले होते. डिस्चार्जच्याच दिवशी त्यांना हॉस्पिटलमध्ये बोलावता आलं तर बोलवा, वेगळे पैसे पडले तरी.

आता महिन्यातून एकदा, पॅकेजशिवाय, सुटी भेट घेतो, ८०० रुपयांत. आकडे नाना स्वतः लिहितात. सप्टेंबरचं पान सिस्टरना दाखवायचंय म्हणून अजून उलटू दिलेलं नाही, त्यामुळे सध्या घरात तिथी कुणालाच माहीत नाही.