फियाट मोडीत काढताय? वजनावर द्यावी की सुटी करून?

कुर्ल्याच्या प्रीमिअर कारखान्यातली फियाट वजनावर द्यावी की भाग खोलून विकावी, हे गाडीच्या सालावर ठरतं. डिलाइट हे मॉडेल १९६४चं, प्रेसिडेंट १९७२चं, पद्मिनी हे नाव १९७४पासूनचं. नोंदणीला ५० वर्षं झाली असतील आणि बॉडी मूळ रूपात असेल, तर कटर लावायच्या आधी थांबा. २०२१च्या नियमांनुसार अशी गाडी व्हिंटेज म्हणून नोंदवता येते. नवी नोंदणी २०,००० रुपये, दहा वर्षांसाठी.

उशिराची पद्मिनी, त्यातून टॅक्सी असेल, तर वजनावर देणंच बरं. १०८९ सीसीचं इंजिन डिलाइटपासून तेच, आणि टॅक्सीवाल्यांमुळे त्याचे भाग अमाप बनले. त्यामुळे घासलेल्या इंजिनाला लोखंडाच्या वर फारसं कोणी देत नाही. इंजिन-गिअरबॉक्स काढून उरलेला सांगाडा द्यायला गेलात तर त्याचाही भाव पडतो. १९९५नंतरच्या गाडीखाली कॅटॅलिटिक कन्व्हर्टर, म्हणजे धूर स्वच्छ करणारा डबा, आहे का, तेवढं मात्र वाकून बघा. आत प्लॅटिनमसारखे धातू असतात, तो लोखंडात तोलू देऊ नका.

जुन्या गाडीत पैसा इंजिनात नाही, अंगावरच्या सामानात आहे: ग्रिल, बंपर, बॅज, हँडल, मीटर, हॉर्न रिंगचं स्टिअरिंग, दाराची त्रिकोणी काच. पुढची दारं उलटी उघडणारी असतील तर दारं, बिजागऱ्या, कुलपं एकत्रच ठेवा. ही जोडी फुटली की गिऱ्हाईक जातं.

क्रोमचा तुकडा आधी चुंबकाला लावा. चिकटला तर पोलाद, पुन्हा क्रोम होतं. नाही चिकटला तर मागून कानशीने जरा घासा: पिवळं निघालं तर पितळ, उत्तम. राखाडी आणि जड निघालं तर बहुधा मझाक, म्हणजे जस्ताचा मिश्रधातू. त्यावर बारीक फोड आले असतील तर किंमत निम्म्याहून कमी धरा, कारण पॉलिश करताना फोडाखालचा खड्डा उघडा पडतो आणि नवं क्रोम तिथूनच सुटतं. रेडिएटर तांबं-पितळेचा असेल तर गळका असला तरी धातूच्या भावाने जातो.

इंजिन विकायचंच असेल तर हेड, म्हणजे इंजिनाचं वरचं झाकण, उघडून दाखवा. ब्लॉक बिडाचा, हेड अ‍ॅल्युमिनियमचं. रेडिएटरमध्ये कूलंटऐवजी साधं पाणी घालून चालवलेल्या गाडीत पाण्याच्या वाटांभोवती हेड खाल्लेलं असतं. बोअर, म्हणजे सिलिंडरचा आतला व्यास, मूळ ६८ मिमीचा. पिस्टनवर ओव्हरसाइझचा (मूळ मापाहून मोठा) आकडा असेल तर रिबोअर झालेला आहे, म्हणजे सिलिंडर कापून मोठा केलेला आहे; तो आकडा सांगूनच भाव करा. काचा आणि रबर मात्र उन्हाने तापल्यावर काढा. थंड रबर ताठ असतं, ओढताना काच तडकते.

कुठलाही रस्ता घ्या, गाडी मोडल्यावर १४ दिवसांत आरटीओला कळवून आरसी रद्द करायची. चेसिस नंबरचा तुकडा कोणालाही विकायचा नाही, कितीही देतो म्हणाला तरी. तो चोरीच्या गाडीला लागतो.